कव्हर्ड ब्रिज उर्फ छपराचे पूल: पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न आणि माझी जरा लांबलेली उत्तरं

आम्ही अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहतो, गावात एक छपराचा लाकडी पूल आहे, आणि दर ऑक्टोबरला न्यू जर्सी-बॉस्टनकडची आपली मंडळी पानांचे रंग बघायला आली की तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन. मी इंजिनिअर नाही (सॉफ्टवेअरवाला आहे, पण पुलाच्या कामात तो इंजिनिअर धरत नाहीत) पण गावाच्या पूल कमिटीत सहा वर्षं झाडू मारतोय. अक्षरशः झाडू, पुढे सांगतो.

हा पूल आहे का गोठा?

माझ्या आईचा पहिला प्रश्न. गाडीतून उतरली, बघितलं आणि म्हणाली, "अरे रस्त्यावर गोठा कोणी बांधला?" तिचं काही चुकलं नाही, बाहेरून तसाच दिसतो, उभ्या फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर, दोन्हीकडे मोठ्ठं दार असावं तशी तोंडं. आत शिरलं की अंधार, लाकडाचा वास, आणि चाकाखाली फळ्यांचा खडखड आवाज. गाड्या एका वेळी एकच, समोरून कोणी आत शिरलेलं असेल तर आपण थांबायचं.

पण पुलाला छप्पर कशाला? लोक भिजू नयेत म्हणून का?

नाही हो. हे सगळ्यांना वाटतं, आणि ते प्रेमी युगुलांसाठी वगैरे जे सांगतात ते नंतर चिकटलेलं आहे (किसिंग ब्रिज म्हणायचे हे खरं, आडोसा मिळाला तर लोक त्याचा उपयोग करणारच). छप्पर माणसांसाठी नाहीये, पुलासाठी आहे.

असं बघा, पुलाचं वजन पेलणारी लाकडं दोन्ही बाजूच्या भिंतींच्या आत असतात. त्यांना जिथे जिथे सांधे असतात तिथे पाणी मुरतं, मुरलेलं वाळत नाही, आणि लाकूड कुजायला सुरुवात नेहमी सांध्यातूनच होते. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत खिळखिळा व्हायचा. त्याच्यावर छप्पर घातलं, बाजूला फळ्या मारल्या की तोच पूल शंभर-दीडशे वर्षं उभा राहतो. छपराच्या फळ्या, पत्रा, शिंगल हे सगळं स्वस्त सामान, ते झिजू द्यायचं आणि बदलत राहायचं, आतल्या जाड तुळया वाचवायच्या. कोकणात मातीच्या भिंतीला पावसाळ्याआधी झडी बांधतात ना, बरोब्बर तोच हिशोब.

अमेरिकेतला पहिला नोंदलेला छपराचा पूल फिलाडेल्फियाचा, शुइलकिल नदीवरचा, १८०५ चा. बांधणारा टिमोथी पामर, पण झाकायची आयडिया त्याची नव्हती, पुलाच्या कंपनीतले रिचर्ड पीटर्स नावाचे जज होते त्यांनी लावून धरलं की एवढा खर्च केलाय तर वरून झाका. पुढचं सगळं शतक लोकांनी तेच केलं.

लाकडाचाच का? दगड तर इथे ढिगाने पडलाय की

दगड आहेच, काठाचे पाये दगडाचेच आहेत. पण दगडी कमान म्हणजे वेळ, पाथरवट आणि पैसा, आणि या गावांकडे तिन्ही नव्हतं. जंगल मात्र दाराशी, स्प्रूस, पाईन, हेमलॉक, आणि प्रत्येक गावात धान्याची कोठारं बांधून हात बसलेले सुतार. नदीपलीकडे गिरणी आहे, शाळा आहे, पूल हवाच आहे, तर गावातलेच लोक मिळून बांधायचे. लोखंड नंतर स्वस्त झालं तेव्हा हे पूल मागे पडले.

आत ती जाळीसारखी रचना आहे ती काय?

हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे कंटाळा आला तर पुढे जा.

नदी ओलांडायला लांब तुळई टाकली तर ती स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकते. म्हणून तिला कैची करायची, घराच्या छपराला असते तीच. सगळ्यात साधी म्हणजे मध्ये एक उभा खांब आणि दोन्हीकडून तिरके, याला किंगपोस्ट म्हणतात, छोट्या ओढ्यावर पुरते. गाळा (म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) मोठा झाला की प्रकार वाढत जातात. थिओडोर बर नावाच्या माणसाने कैचीला मोठी लाकडी कमान जोडली, १८१७ चं पेटंट, पेनसिल्व्हेनियात तुम्हाला जिकडे तिकडे तेच दिसेल.

आमच्याकडे व्हरमाँटमध्ये जाळी जास्त. ती इथिएल टाउनची, हा कनेक्टिकटचा आर्किटेक्ट, १८२० मध्ये पेटंट घेतलं. त्याची अक्कल अशी की जाड तुळया, कौशल्याचे सांधे हे काही नकोच, साध्या फळ्या घ्या, एकमेकींवर तिरक्या टाका, जिथे जिथे ओलांडतात तिथे भोक पाडून ओकच्या लाकडाची खुंटी ठोका. झालं. गिरणीतून कापून आणलेल्या फळ्या आणि गिरमिट चालवता येणारे दोन-चार गडी एवढ्यावर शंभर फुटांचा पूल उभा. टाउन प्रत्येक फुटामागे एक डॉलर रॉयल्टी घ्यायचा, आणि न विचारता बांधलेला सापडला तर दोन डॉलर. म्हणजे पायरसी तेव्हाही होतीच!

त्या खुंट्यांना ट्रनेल म्हणतात. आमच्या पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा काढलेली एक माझ्या टेबलावर आहे. दीड-दोन इंच जाड, लाटण्याएवढी, एका टोकाला घणाच्या माराने केसाळ झालेली आणि मधोमध एक चकचकीत पट्टा, जिथे दोन फळ्या एकमेकींवर घासत होत्या तिथे. पाहुण्यांना पूल दाखवायच्या आधी मी ही खुंटी हातात देतो.

नदीच्या वर हे सगळं जोडायचे कसे?

पात्रात लाकडी मचाण बांधायचं, त्याच्यावर जोडायचं, मग मचाण काढायचं. पण त्याआधी बऱ्याचदा जमिनीवर एकदा पूर्ण जुळवून बघायचे. विंडसर गावाजवळ कनेक्टिकट नदीवर कॉर्निश-विंडसर पूल आहे, १८६६ चा, तो असाच जवळच्या कुरणात जुळवला, खोलला, आणि नदीवर नेऊन परत उभा केला. बांधणारे जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर. लांबी ४४९ फूट, खर्च ९,००० डॉलर. त्या जागेवरचे आधीचे तीन पूल पुरात गेले होते, हा चौथा. अजून गाड्या जातात त्याच्यावरून.

मचाण काढायचा क्षण म्हणजे परीक्षेचा निकाल. न्यूयॉर्क राज्यात ब्लेनहाइमला निकोलस पॉवर्सने १८५५ मध्ये २१० फुटांचा एकच गाळा असलेला पूल बांधला, लोक म्हणत होते पडणार, तर मचाण काढताना हा माणूस छपरावर जाऊन बसला, पडला तर मीही पडतो म्हणे. पूल जरासा दबला आणि थांबला. गोष्ट सांगताना लोक मीठमसाला लावत असतील, पण पूल त्यानंतर दीडशे वर्षं उभा होता.

"घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड" ही पाटी खरी आहे का गंमत?

खरी. कॉर्निश-विंडसरच्या तोंडावर आजही आहे. घोडे एका ठेक्यात दुडक्या चालीने गेले की पूल त्या ठेक्यावर हलायला लागतो आणि सांधे सैल होतात अशी भीती होती. त्याच पुलावर १९४३ पर्यंत टोल होता, तोही जाता जाता सांगून ठेवतो.

बर्फाचं वजन पडू नये म्हणून छप्पर आहे ना?

उलट! जुन्या काळी हिवाळ्यात सगळी वाहतूक घसरगाड्यांवर, आणि घसरगाडीला खाली बर्फ लागतो. आता पुलाच्या आत छपरामुळे बर्फच नाही. मग गाव पैसे देऊन माणूस लावायचं, बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरायला. पुलात बर्फ टाकल्याबद्दल मजुरी. हे मी सांगितलं की कोणाचाच विश्वास बसत नाही.

किती पूल उरलेत? सगळ्यात लांब कुठला?

संख्येत पहिला नंबर पेनसिल्व्हेनियाचा, दोनशेच्या आसपास, मग ओहायो, मग आम्ही साधारण शंभर. पण व्हरमाँट केवढंसं आहे ते बघता इथे दर थोड्या मैलांवर एक भेटतो. इंडियानाच्या एकट्या पार्क काउंटीत ३१ आहेत, तिथे १९५७ पासून दर ऑक्टोबरला पुलांची जत्रा भरते. 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' या पुस्तक-सिनेमामुळे माहीत असलेली मॅडिसन काउंटी आयोवाची, तिथे १९ होते, ६ राहिले. जगात सगळ्यात लांब कॅनडातला हार्टलँडचा, १,२८२ फूट, बांधला १९०१ मध्ये पण छप्पर चढलं १९२२ मध्ये.

आणि हे फक्त अमेरिकेचं कौतुक नाही बरं का. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कापेलब्र्यूके चौदाव्या शतकातला, १९९३ मध्ये बराचसा जळाला आणि पुढच्याच वर्षी परत उघडला. चीनमध्ये फुजियानकडे लाकडी कमानीचे छपराचे पूल आहेत, ते बांधायची कला युनेस्कोने २००९ मध्ये तातडीने जपायच्या यादीत घातली होती.

एवढे टिकतात तर मग जातात कशाने?

ट्रक. आग. पूर. आणि चौथा, ज्याची बातमी कधीच होत नाही तो.

ट्रकचं सांगतो. लिंडन गावात पाच जुने छपराचे पूल आहेत, त्यातला मिलर्स रन पूल, १८७८ चा, त्याला उंच डब्याचे ट्रक पुन्हा पुन्हा धडकतात. उंचीची पाटी आहे, इशारे आहेत, पण ड्रायव्हर फोनच्या मॅपकडे बघतोय आणि मॅपला पुलाची उंची कळत नाही. मी हसलो असतो, पण घर बदललं तेव्हा भाड्याचा ट्रक घेऊन मी स्वतः मॅपच्या भरवशावर आमच्याच पुलाच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो होतो. शेवटच्या क्षणी बायको ओरडली म्हणून वाचलो, पाऊण मैल रिव्हर्स घेतला, मागे सहा गाड्या, आणि त्यातली एक नेमकी कमिटीच्या अध्यक्षांची.

आगीचं दुःख वेगळं कारण ती बहुतेक कोणीतरी लावलेली असते. पार्क काउंटीतला ब्रिजटनचा १८६८ चा पूल २००५ मध्ये एकाने जाळला. मॅडिसनचा सीडर पूल तर दोनदा, २००२ आणि २०१७. वेस्ट व्हर्जिनियातल्या फिलिपीचा अपघात होता, १८५२ चा पूल, सिव्हिल वॉर बघितलेला, १९८९ मध्ये जवळच्या पंपावरून सांडलेलं पेट्रोल वाहत आलं आणि पेटलं.

आता तो चौथा. माती. गाड्यांच्या चाकाला लागून चिखल आणि मीठ आत येतं, फळ्यांच्या फटींतून खाली जाऊन खालच्या तुळयांवर आणि काठाच्या दगडाला टेकलेल्या ओंडक्यांवर साचतं, आणि ती माती स्पंजसारखी ओल धरून ठेवते. वर छप्पर शाबूत, बाहेरून रंग छान, आणि खालून पूल कुजतोय. म्हणून एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा राडा जरा वाळला की आम्ही सात-आठ जण झाडू, खुरपी, बादल्या घेऊन जातो. पहिल्या वर्षी मी कोपऱ्यातल्या एका सांध्यातून अर्धी बादली काळी ओली माती काढली, त्यात एकोर्न (ओकची फळं), बाटलीचं बूच, खारीचं घरटं, आणि खाली तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला तर पिकल्या पपईत सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला. शेजारी हातभर अंतरावर, जिथे माती नव्हती, तिथे तोच स्क्रूड्रायव्हर टणकन वाजून परत आला. एकच लाकूड, एकाच झाडाचं. त्या दिवसापासून मला छपरापेक्षा झाडूचं महत्त्व जास्त वाटतं, आणि खरं सांगायचं तर पूल जपणं म्हणजे ऐंशी टक्के हेच आहे, झाडणं, गळका पत्रा वेळेवर ठोकणं, झाडांच्या फांद्या छाटून वारा खेळता ठेवणं, पागोळ्या काठाच्या ओंडक्यांवर पडत नाहीत ना बघणं.

आणि पूर?

२८ ऑगस्ट २०११, आयरीन वादळ. ओढ्यांच्या नद्या झाल्या. रॉकिंगहॅममधला बार्टन्सव्हिलचा १८७० चा पूल लोकांच्या डोळ्यांदेखत पायावरून सुटला आणि वाहून गेला, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्याच दिवशी पॉवर्सचा तो ब्लेनहाइमचा पूलही गेला.

बार्टन्सव्हिलच्या लोकांनी काँक्रीटचा पूल नको म्हणून सांगितलं, लाकडाचा जाळीचाच हवा, आणि जानेवारी २०१३ मध्ये तो उघडला, गाड्यांसकट. ब्लेनहाइमला जास्त वेळ लागला, केंद्राच्या आपत्ती मदतवाल्यांनी आधी पैसे नाकारले, गावाने पाठ सोडली नाही, शेवटी मंजूर झाले आणि २०१८ मध्ये पूल आधीपेक्षा उंचावर परत उभा राहिला. छप्पर पावसापासून वाचवतं, पुरापासून नाही. पुरावर उपाय एकच, पूल उंच करणं.

सगळी लाकडं बदलली तर तो जुना पूल कसला?

हा प्रश्न दर वेळी एक तरी काका विचारतात, हसून, जणू मला पकडलं.

माझं मत असं. जिथे लाकूड चांगलं आहे तिथे ते राहू द्यायचं, कुजलेला तेवढाच तुकडा कापून त्याच जातीचं नवीन लाकूड तिरक्या सांध्याने जोडायचं. बदललेली फळी बदलली म्हणून नोंदवायची, जुनी दिसावी म्हणून तिला काळं फासायचं नाही. आणि मुख्य म्हणजे वजन त्या कैचीनेच पेललं पाहिजे. काही ठिकाणी खालून लोखंडी तुळया घातल्यात, गाड्यांचं वजन त्या घेतात आणि वरची लाकडी कैची नुसती शोभेला उभी. ट्रक जायचेच असतील तर कधी कधी इलाज नसतो हे मान्य, पण मला ते आपल्याकडच्या जीर्णोद्धारासारखं वाटतं, जुन्या काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट मारायचा, आत बाथरूमच्या टाइल्स बसवायच्या, वर देणगीदारांची पाटी.

उलट ब्रिजटनला जुना पूल पूर्ण जळाला होता, गावाने वर्गणी काढली, लोक स्वतः कामाला आले, आणि २००६ च्या जत्रेपर्यंत नवीन लाकडाचा पूल उभा केला. त्याला नवा म्हणा, पण कैची त्या थिओडोर बरच्याच पद्धतीची आहे, जागा तीच आहे. मिल्टन ग्रॅटन म्हणून न्यू हॅम्पशायरचे एक कारागीर होते, त्यांनी १९६९ मध्ये वुडस्टॉक गावात नवाकोरा जाळीचा पूल जुन्या पद्धतीने बांधला आणि बैलजोडी लावून नदीवर ओढला. तो पूल बघितला तर मी तरी त्याला नकली म्हणणार नाही.

पैसे कोण देतं?

बहुतेक पूल गावाच्या मालकीचे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग असते, शाळेच्या जिममध्ये, घरून आणलेल्या डब्यांची अंगतपंगत, आणि आपली ग्रामसभा असते तशीच भांडणं. एक आजोबा दरवर्षी उठून विचारतात की रस्ते खड्ड्यात आणि तुम्ही गोठ्याला रंग देताय का. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नसतो. मोठं काम गावाच्या आवाक्याबाहेरच असतं, ९,००० डॉलरमध्ये बांधलेल्या कॉर्निश-विंडसरच्या १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीला चाळीस लाखांहून जास्त डॉलर लागले. त्यासाठी राज्य आणि केंद्राचा निधी लागतो. १९९८ च्या कायद्यात खास छपराच्या पुलांसाठी केंद्राचा कार्यक्रम आला, मागे लागलेले सिनेटर आमच्याच व्हरमाँटचे, जेम्स जेफर्ड्स. पण मोठा निधी मोडल्यावर मिळतो, झाडू आणि पत्र्याचे खिळे यांना कोणी ग्रँट देत नाही. ते केक विकून.

सगळे लालच का?

सगळे नाहीत, कित्येकांना रंगच नाही, फळ्या उन्हापावसाने राखाडी झालेल्या. लाल म्हणजे गेरूसारखा लोहाचा रंग, स्वस्त मिळायचा.

आपल्याकडे असे पूल का नाहीत?

माझं आजोळ राजापूरकडचं, तिथे साकव होते. ओढ्यावर दोन-तीन ओंडके किंवा माडाची खोडं, वर आडवे बांबू, धरायला एक काठी. पावसात वाहून गेला की वाडीतले लोक जमून परत घालायचे. दीडशे वर्षं टिकायची अपेक्षाच नव्हती, आणि जिथे कायमचं हवं तिथे दगड-चुना होता. साठ फूट सरळ, हलकं, स्वस्त लाकूड कोकणात कुठून आणणार, सागवान असं पुलात घालायला कोणाला परवडणार. पण साकव घालायला वाडी जमायची आणि एप्रिलमध्ये आम्ही बादल्या घेऊन जमतो, दोन्हीकडे चहा आणि कामापेक्षा सल्ले जास्त देणारा एक जण असतोच.

आईबाबांना घेऊन येतोय, चालत जाता येईल का?

येईल. आधी कान द्या, गाडी आत शिरली की फळ्यांचा आवाज लांबूनच येतो, मग कडेला उभं राहा. आत गाडी थांबवून फोटो काढू नका, सिगरेट तर अजिबात नको. दुपारी चारनंतर या, फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडतात त्या बघण्यासारख्या असतात. आईंना टाचेच्या चपला घालू देऊ नका. आणि फोन घट्ट धरा, फळ्यांमध्ये अंगठ्याएवढी फट आहे, माझ्या भाच्याचा बरोब्बर त्याच मापाचा होता.